दुसरी किल्ली

रत्नागिरीच्या बसस्थानकावर उतरलेल्या माणसाला रिक्षावाला पहिला प्रश्न विचारतो तो ‘गणपतीपुळे की पावस?’ हा. मागच्या डिसेंबरात मी उतरलो तेव्हाही त्याने तोच विचारला. ‘थिबा राजवाडा,’ मी म्हटले. त्याने आरशातून मला एकदा नीट पाहून घेतले आणि म्हणाला, ‘तिथं काय बघणार काका? रिकामा वाडा आहे. पाच मिनिटांत बघून होतो.’

त्याचे अगदीच चूक होते असे नाही. आपल्याकडची बहुतेक छोटी संग्रहालये आणि जुने वाडे पाच मिनिटांतच बघून होतात. चार-सहा खोल्या, भिंतीवर काळवंडलेली छायाचित्रे, काचेच्या कपाटात तलवार, दौत-टाक, पितळेचे दिवे. दाराशी टेबल, टेबलावर अभिप्रायाची वही आणि दोऱ्याने बांधलेले पेन. सहलीला आलेली मुले एका दाराने आत शिरतात आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. मागून गुरुजी ओरडत असतात, ‘हात लावू नका रे!’

मला मात्र या पाच मिनिटांच्या जागांचा नाद आहे, आणि तो बँकेच्या नोकरीने लावला. नोकरीत बदल्या ठरलेल्या. मुलांच्या शाळेमुळे बिऱ्हाड पुण्यातच असायचे, आणि मी एकटा नव्या गावी खोली घेऊन राहायचो. सहा दिवस हिशेबात जात. सातव्या दिवशी सकाळचे कपडे धुऊन झाले की करायचे काय, हा प्रश्न असे. मग खानावळीच्या मालकाला विचारायचे, ‘गावात बघण्यासारखं काय आहे?’ तो आधी देऊळ सांगे, मग धरण, आणि अगदी शेवटी आठवल्यासारखे करून म्हणे, ‘एक म्युझियम पण आहे म्हणा. पण उघडं असेल की नाही, सांगता येत नाही.’

रत्नागिरीला माझी बदली झाली १९८९ मध्ये. आमच्या शाखेत सोनेतारण कर्जाचे काम मोठे. आंब्याचा हंगाम उभा करायला, मुलीच्या लग्नाला, मुंबईला निघालेल्या मुलाच्या हाती चार पैसे द्यायला माणसे दागिने घेऊन येत. आमचा सोनार कसोटीवर घासून भाव सांगे, मी नोंद करी आणि दागिना कापडी पिशवीत घालून, लाखेची मोहोर करून स्ट्राँगरूममध्ये ठेवला जाई. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. एक माणूस आजारी पडला तर दुसऱ्याची किल्ली म्हणजे नुसते लोखंड. या दोन किल्ल्यांची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तिथेच एका रविवारी मी पहिल्यांदा थिबा राजवाड्याकडे गेलो. राजा थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा. १८७८ मध्ये तो मंडालेच्या गादीवर बसला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांच्या लढाईत त्याचे राज्य घेतले. राजाला राणीसह आधी मद्रासला आणले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला. तेव्हा त्याचे वय होते २७. बरोबर राणी सुपयालत, तिची बहीण असलेली धाकटी राणी आणि तीन मुली. तिसरी मद्रासच्या मुक्कामात जन्मली होती, चौथी पुढे रत्नागिरीत झाली.

इंग्रजांनी रत्नागिरी निवडली त्याचे कारण बँकेतल्या माणसाला चटकन कळते. नको असलेला कागद जसा कुणाचा हात सहसा पोचणार नाही अशा फायलीत लावतात, तसेच हे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. राजाला ब्रह्मदेशात ठेवला तर लोक त्याच्याभोवती जमतील, ही भीती. अशी अदलाबदल त्यांनी आधीही केली होती. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला नेले, आणि तो १८६२ मध्ये तिथेच वारला.

राजाला सरकारकडून तनखा मिळे, पण तो त्याच्या इतमामाला पुरत नसे. बरोबर आणलेली माणके आणि जडजवाहीर एकेक करून विकले गेले, कर्जेही झाली. हे वाचले तेव्हा मला आमच्या काउंटरसमोर उभी राहणारी माणसे आठवली. पिशवीतून दागिना काढताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो. राजाही तसाच बघत असेल का? लेखकाच्या डोक्यात असले प्रश्न येतात. त्यांना कागदोपत्री उत्तर नसते.

आता वाड्याविषयी. आपण त्याला ‘थिबा राजवाडा’ म्हणतो तेव्हा राजाने सारा वनवास तिथे काढला असे वाटते. प्रत्यक्षात तो रत्नागिरीत तीस वर्षांहून अधिक राहिला, पण या वाड्यात फक्त सहा. आधीची सारी वर्षे बंगल्यांत गेली. राजवाडा पुरा होऊन कुटुंब तिथे राहायला गेले ते १९१० च्या अखेरीस, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. सागवानी लाकडाचे काम, अर्धगोल खिडक्या, संगमरवरी फरशी असलेले दालन, हे सगळे त्याच्या वाट्याला आले ते उतारवयात. वाड्याच्या गच्चीतून खाडी आणि समुद्र दिसतो. जहाज दिसले की राजा दुर्बीण लावून बघत बसे, असे रत्नागिरीकर सांगतात. दुर्बिणीचे मला माहीत नाही, पण तिथे उभे राहिले की आपलीही नजर आपोआप समुद्राकडे जाते, एवढे खरे.

राजवाड्यातून निघावे आणि गावात टिळक आळीत जावे. तिथे दुसरे एक घर आहे. उतरत्या कौलांचे, जांभ्या दगडाचे, पडवी-ओटीचे कोकणी घर. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान म्हणून ते जपले आहे. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. वडील गंगाधरपंत शाळामास्तर. बाळ दहा वर्षांचा असताना कुटुंब पुण्याला गेले. घरात फोटो आहेत, टिळकांच्या आयुष्यातले प्रसंग मांडले आहेत. इथेही मुले एका दाराने येतात आणि दुसऱ्याने जातात.

ही दोन घरे एकाच दिवशी बघितली तर एक गोष्ट लक्षात येते, जी एकेकटी बघून येत नाही. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद होता, तेव्हा रत्नागिरीचा हा मुलगा मंडालेत कैद होता. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेले. तो तुरुंग कुठे होता? थिबाच्या जुन्या राजधानीच्या कोटाच्या आत. म्हणजे राजाला जिथून उचलले, त्याच तटबंदीच्या आत टिळकांना नेऊन ठेवले. १९१० च्या अखेरीस रत्नागिरीत राजा नव्या वाड्यात राहायला गेला, आणि त्याच हिवाळ्यात मंडालेच्या लाकडी कोठडीत टिळक शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी पुण्यात वारल्या. त्याच वर्षी रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी वारली. टिळक १९१४ मध्ये सुटून घरी आले. राजाला मात्र घर पुन्हा दिसले नाही.

या गोष्टी पुस्तकांत आहेत. मी त्या आधी वाचल्याही होत्या. पण वाचलेले आणि पायाखाली आलेले यांत फरक असतो. दोन्ही घरांमधले अंतर चालून गेल्यावर साम्राज्य म्हणजे काय, हे मला जेवढे कळले तेवढे कुठल्याही ग्रंथाने सांगितले नव्हते. माणसे सोंगट्यांसारखी उचलायची आणि समुद्रापलीकडच्या घरात ठेवायची, म्हणजे साम्राज्य.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

त्या रविवारनंतर सोमवारी मी शाखेत मोठ्या उत्साहाने राजवाड्याचे वर्णन करत होतो. आमचा शिपाई पाण्याचे ग्लास ठेवत होता. तो सहज म्हणाला, ‘साहेब, राजाची नात इथंच राहते की. टुटू. म्हातारी झालीय आता.’

मी चाटच पडलो. १९१९ मध्ये राजाचे कुटुंब ब्रह्मदेशात परत गेले, एवढेच मला ठाऊक होते. पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परत आली होती. राजवाड्यावर कामाला असलेल्या एका स्थानिक माणसापासून तिला मुलगी झाली होती, ती ही टुटू. राजकन्या १९४७ मध्ये वारली. टुटू रत्नागिरीतच वाढली, तिथेच संसार केला, मुलेबाळे झाली, गरिबीत दिवस काढले. बोलायची ती इथल्या बायकांसारखी मराठीच. ब्रह्मदेशाच्या राजाची नात रत्नागिरीत शेणी थापते, हे गावाला इतके सवयीचे होते की त्याचे कुणाला काही वाटत नसे.

‘येत्या रविवारी जाऊ या,’ मी शिपायाला म्हटले. तो म्हणाला, ‘जाऊ की साहेब.’ त्या रविवारी ऑडिटची तयारी निघाली. पुढच्या रविवारी पाऊस होता. मग मार्चअखेर आला, मग आंबे आले, मग पुण्याला जाणे. असे रविवार जात राहिले. तीन वर्षांनी माझी बदली झाली आणि मी रत्नागिरी सोडली. राजवाडा मी त्या काळात चार-पाच वेळा पाहिला, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो दाखवला. त्यातली जिवंत साक्षीदार त्याच गावात होती. तिच्याकडे मात्र मी एकदाही गेलो नाही.

टुटू २००० मध्ये वारली. पुढे तिच्या आजोबांची गोष्ट जगभर पोचली. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी त्याच वर्षी आली, आणि २०१२ मध्ये सुधा शहा यांचे ‘द किंग इन एक्झाइल’ हे अभ्यासपूर्ण पुस्तक. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. ती बातमी मी पुण्यात वाचली आणि पेपर बाजूला ठेवला. कादंबरीकार म्हणवणाऱ्या माणसाला याहून लाज वाटावी असे दुसरे काय असेल? माझ्याकडे वाड्याची किल्ली होती. दुसरी किल्ली त्या म्हातारीकडे होती. ती तिच्याबरोबर गेली.

तेव्हापासून छोटी संग्रहालये बघण्याची माझी रीत बदलली. वस्तू बघण्याआधी मी विचारतो, ही इथे आणली कुणी?

या प्रश्नाला कधी कधी अशी उत्तरे मिळतात की वस्तूपेक्षा तीच लक्षात राहतात. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह, आणि त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. दिवे, अडकित्ते, कलमदाने, पाय घासायच्या वज्र्या. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे गृहस्थ. गावोगाव हिंडून त्यांनी हे एकट्याच्या बळावर जमवले आणि १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केले. ‘राजा’ हे मात्र त्यांचे स्वतःचे नाव नव्हे, की पदवीही नव्हे. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. हे कळल्यावर त्या वास्तूत पुन्हा एकदा हिंडून पाहावे. प्रत्येक वस्तू वेगळी दिसू लागते.

धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना माहीत असते. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव होते तगर, आणि इथला माल रोमपर्यंत जात असे. पाऊस पडून गेला की इथल्या पांढरीच्या मातीतून मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या वर येत. लोक त्या पोरांना खेळायला देत. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी त्या जपायला सुरुवात केली. आज त्यांच्या नावाचे संग्रहालय तिथे आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती, या दोघी बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या. एका माणसाने वाकून मातीतून मणी उचलला नसता तर हे नाते आपल्याला किती कळले असते?

सातारा जिल्ह्यातल्या औंधला टेकडीवर देवीचे देऊळ आहे आणि तिथेच श्री भवानी संग्रहालय. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्पही आहे. लंडन-पॅरिसच्या दालनांत ज्याच्यासाठी लोक जातात, तो आपल्या माणदेशाच्या उंबऱ्यावर बसला आहे आणि देवीला आलेली माणसे त्याच्यासमोरून दशम्या खायला जागा शोधत जातात. मला हे दृश्य फार आवडते. यात कुणाचाही अपमान नाही.

पुण्याच्या फुले वाड्यात तर बघायला वस्तू फारशा नाहीतच. पण तिथल्या पाण्यापाशी उभे राहावे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठ्यावर पुढे किती वर्षांनी काय काय घडावे लागले, ते आपल्याला माहीत आहे. पुतळा बघून माणसाची उंची कळते. पाण्यापाशी उभे राहिले की त्याने काय पणाला लावले ते कळते.

आणि रत्नागिरीजवळचे मालगुंड. गणपतीपुळ्याला जाणारी हजारो माणसे तिथून हाकेच्या अंतरावरून परततात. केशवसुतांचे ते गाव. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने वारलेल्या या कवीच्या जन्मघराशी १९९४ मध्ये स्मारक झाले, ते कुसुमाग्रजांच्या हस्ते. कवितेसाठी समाजाने घर जपावे ही गोष्टच आपल्याकडे दुर्मीळ. पुढच्या वेळी पुळ्याला जाल तेव्हा अर्धा तास हाती ठेवा.

अर्धा तास असे म्हटले, पण तो कसा घालवावा हेही सांगितले पाहिजे. सोमवारी बहुतेक ठिकाणी सुट्टी असते, तेव्हा सोमवार टाळावा. आत शिरल्यावर सगळे बघायचा अट्टहास करू नये. एकच वस्तू निवडावी आणि तिच्यापुढे थांबावे. पाटी असेल तर वाचावी, नसेल तर राखणदाराला विचारावे. हा माणूस फार महत्त्वाचा. त्याला कुणी कधी काही विचारत नाही, म्हणून तो गप्प असतो. बसा म्हणून स्टूल पुढे करणाऱ्या अशा माणसांकडून मला ज्या गोष्टी कळल्या, त्या कुठल्या पाटीवर नव्हत्या. आणि जमल्यास बरोबर घरातले एक म्हातारे माणूस न्यावे. मुलांना जाते, रवी, घंगाळ काचेमागे दिसते. आजीला त्यात आपले माहेर दिसते. ती बोलू लागली की संग्रहालय सुरू होते.

हे मला सुचायला उशीर झाला, आणि त्याची किंमत मी घरातही मोजली आहे. आमच्या गावचे घर चुलतभावांनी आणि मी मिळून आवरले, तेव्हा माळ्यावरची भांडी मोडीत घातली. परात, घंगाळे, दोन समया, आजोबांचा मोराचा अडकित्ता. किलोवर वजन झाले, पावती झाली, पैसे समान वाटले. हिशेब चोख होता. मीच तो केला होता. काही महिन्यांनी नातीला घेऊन केळकर संग्रहालयात गेलो तर काचेमागे तसाच मोर. नात म्हणाली, ‘आजोबा, हे कशाला लागायचं?’ मी सांगितले. ‘तुमच्याकडे होतं?’ ‘होतं.’ ‘मग कुठे गेलं?’ यावर मला उत्तर देता आले नाही.

वस्तू गेल्या त्याचे दुःख आहेच, पण सगळ्या वस्तू ठेवायच्या कुठे, हाही प्रश्न खरा. फ्लॅटमध्ये घंगाळ मावत नाही. चुकले ते वेगळे. देण्याआधी आम्ही आत्याला विचारले नाही. ती त्या घरात जन्मलेली एकटीच उरली आहे, वय नव्वदीच्या पुढे. गेल्या वर्षी मी वही-पेन घेऊन तिच्याकडे जाऊन बसलो. ‘आत्या, त्या मोठ्या परातीचं काही आठवतं का गं?’ ती म्हणाली, ‘आठवायला काय झालं? दुष्काळात गावाला भाकरी वाढल्या त्या त्यातूनच. माझ्या आजीनं. पण तुम्हाला कधी कुणी विचारलंच नाहीस रे.’ मग ती दोन तास बोलली. परात नाही, पण परातीची गोष्ट आता वहीत आहे. उरलेल्या पाच-सात वस्तूंना मी चिठ्ठ्या बांधल्या आहेत. कुणाची, कुठून आली, कशाला लागायची. बँकेत स्ट्राँगरूमच्या जादा किल्ल्या दुसऱ्या शाखेत ठेवायची पद्धत असते. ही वही म्हणजे तसलीच जादा किल्ली.

मागच्या डिसेंबरात राजवाडा पाहून मी बाहेर आलो तेव्हा रिक्षावाला थांबलेला होता. ‘झालं बघून?’ त्याने विचारले. तास होऊन गेला होता. मी त्याला म्हटले, ‘आता राजाच्या समाधीकडे घ्या.’ रिक्षा वळवता वळवता तो म्हणाला, ‘माझी आजी सांगायची, टुटूबाईला तिनं पाहिलंय. आमच्याकडं यायची ती.’

मी त्याला रिक्षा बाजूला घ्यायला सांगितले. ‘आजी आहे का तुमची?’

‘आहे की. घरीच असते.’

‘लांब आहे घर?’

समाधी त्या दिवशी बघायची राहून गेली. ती काही कुठे जात नाही.